साइन बारवर चढवून पाहिलेला डिजिटल थ्रो मीटर

चार हजार दोनशे रुपये भरले आणि खोक्यातून निघाले दोन चिमटे. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांपेक्षा जरा मोठे, काळ्या प्लास्टिकचे, प्रत्येकाच्या पाठीवर काडेपेटीएवढी डबी. डबीत सेन्सर, वायफाय आणि बोटाच्या पेराएवढी लिथियम बॅटरी. सोबत चार्जिंगची वायर आणि घड्या घातलेला एक कागद. हिनं चष्मा लावून ते चिमटे उलटसुलट करून पाहिले. "अहो, एवढ्या पैशात डझनभर तरी यायला हवे होते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

याला डिजिटल थ्रो मीटर म्हणतात. हीच वस्तू वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, त्यामुळे कंपनीच्या नावात मी शिरत नाही. काम एकच. आम्ही रेडिओनं मॉडेल विमानं उडवतो. ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रेडिओची, स्टिक पूर्ण दाबली की विमानाचा एलरॉन (पंखाच्या मागची हलती पट्टी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) किंवा रडर (शेपटीची उभी पट्टी) किती अंश हलतो ते मोजायचं. त्या हलण्याला आम्ही थ्रो म्हणतो. थ्रो कमी पडला की विमान वळायला मागत नाही, जास्त झाला की स्टिकला नुसतं बोट लागलं तरी उलथंपालथं होतं. आणि एलिव्हेटरचे दोन अर्धे सारखे हलत नसतील तर लूप मारताना विमान कूस बदलतं आणि आपण दोष नसलेल्या एलरॉनला ट्रिम, म्हणजे रेडिओतून बारीक दुरुस्ती, करत बसतो.

आजवर माझं हे काम स्टीलच्या पट्टीवर चाललं. एलरॉनच्या मागच्या कडेशी पट्टी उभी धरायची, एका डोळ्यानं बघायचं, दुसऱ्या हातानं स्टिक दाबायची. पट्टी हलते, डोळा हलतो, आणि १२ मिलिमीटर म्हणजे कधी ११ तर कधी १३. कंपासपेटीतला कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवून, त्याला गाठी मारलेला दोरा लावून एक जुगाडही केला होता. तो अजून माळ्यावर आहे आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हता. पण बत्तीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये घालवलेल्या माणसाला अंदाजपंचे मोजमाप रात्री झोपू देत नाही, हेही खरं.

म्हणून आल्या आल्या विमानाला लावलाच नाही. आधी भाच्याच्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथं ग्रॅनाइटचा सरफेस प्लेट, म्हणजे तंतोतंत सपाट पाट, आहे, अचूक कोन लावायचा १०० मिलिमीटरचा साइन बार आहे आणि स्लिप गेजचा, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी तुकड्यांचा, सेट आहे. साइन बारच्या एका रोलरखाली २५.८८ ची थप्पी लावली की बरोबर १५ अंश होतात. १.३८, ४.५ आणि २० अशा तीन स्लिपा घासून एकमेकींना चिकटवल्या. चिमटा एका ॲल्युमिनियमच्या पट्टीला धरवला, प्लेटवर शून्य केला आणि पट्टी साइन बारवर ठेवली. एक चिमटा १५.१ म्हणाला, दुसरा १४.९. मग ५० ची एकच स्लिप लावून ३० अंश केले. ३०.२ आणि ३०.० आले. भाचा म्हणाला, "मामा, विमानासाठी हे कुणी करतं का?" नाही करत. पण आता मला माहीत आहे की हे यंत्र खोटं बोलत नाही. लाकडाच्या विमानात दशांश दोन अंशाला कुणी विचारत नाही. मात्र चालू केल्यावर पहिली चार-पाच मिनिटं आकडा हळूहळू सरकतो. आतला सेन्सर गरम होऊन स्थिर व्हायला वेळ घेतो. तेवढ्यात चहा करावा आणि मग शून्य करावं.

फोनशी जोडणी हा मात्र वैताग आहे. चिमटा स्वतःचं वायफाय सोडतो, आपण फोन त्याला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं. इथवर ठीक. पण या वायफायवर इंटरनेट नाही हे फोनच्या लक्षात येतं आणि तो शहाणपणा करून परत मोबाइल डेटावर जातो. पान गोठतं, आकडा तोच राहतो, आणि आपल्याला वाटतं सर्व्हो, म्हणजे एलरॉन हलवणारी छोटी मोटर, हलत नाही. पहिल्या दिवशी मी चांगला सर्व्हो खोलायला घेतला होता. उपाय साधा, मोजताना मोबाइल डेटा बंद ठेवायचा. त्या कागदावर याचा एक शब्द नाही.

आता विमान. अग्ली स्टिकच्या धर्तीवर प्लॅनवरून बांधलेलं, बाल्सा या हलक्या लाकडाचं, पंख दीड मीटर, चार सेलची बॅटरी. फिल क्राफ्टचं हे डिझाइन साठच्या दशकातलं. सरळ चौकोनी पंख, चौकोनी अंग, दिसायला खोकं, उडायला लोणी. माझ्या विमानात प्रत्येक एलरॉनला स्वतंत्र सर्व्हो आहे. एलरॉनची रुंदी हिंजपासून, म्हणजे बिजागरीपासून, मागच्या कडेपर्यंत ४५ मिलिमीटर. मला वर १२ आणि खाली ९ मिलिमीटर हवे होते, कारण खाली जाणारा एलरॉन जास्त ओढ धरतो आणि विमानाचं नाक वळणाच्या उलट दिशेला खेचतो, म्हणून त्याला थोडं आवरायचं. हे मिलिमीटर अंशांत काढायचे तर थ्रोला रुंदीच्या दुपटीनं भागायचं, आलेल्या आकड्याचा साइनवरून कोन काढायचा आणि तो दुप्पट करायचा. १२ चे १५.३ अंश होतात, ९ चे साडेअकरा. फोनच्या पानावर रुंदी टाकली तर हे गणित तोच करतो, आणि बरोबर करतो. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं.

अडचण अशी की या कामाला तीन हात लागतात. एक स्टिकवर, एक फोनवर आणि एक विमान धरायला. हिला बोलावलं. डायनिंग टेबलावर विमान, शेपूट माझ्याकडे, ट्रान्समीटर हिच्या हातात. मी फोनकडे बघत "उजवीकडे पूर्ण" म्हणायचो, ती स्टिक दाबायची.

"अहो, ही उजवीकडची पट्टी खाली गेली."

"जाऊ दे. दाबून धर."

"पण तुम्हीच सांगायचात ना, की उजवीकडे दाबलं की उजवी वर येते म्हणून?"

"आकडा येऊ दे गं. पंधरा पॉइंट तीन. वा!"

वीस मिनिटं असं चाललं. चारही आकडे दशांशापर्यंत जुळले. मग मी फोन खाली ठेवून विमानाकडे पाहिलं. दोन्ही एलरॉन उलटे. उजवीकडे स्टिक, उजवा खाली, डावा वर. असंच उडवलं असतं तर जमिनीपासून दहा फुटांवर गोष्ट संपली असती. मीटर अधिक-उणे दाखवतो, पण अधिक म्हणजे वर की खाली हे चिमटा कुठल्या तोंडानं लावला त्यावर ठरतं. आकड्यात गुंगलं की डोळे मिटतात, आणि उलट्या एलरॉनवर गेलेली विमानं मी मैदानावर मोजू नयेत इतकी पाहिली आहेत. रेडिओत एलरॉनचे चॅनल रिव्हर्स, म्हणजे उलटे, केले. त्यानं दिशा सुटली, पण आता वर साडेअकरा आणि खाली १५.३ झाले, म्हणजे सगळं पहिल्यापासून. ही म्हणाली, "मी कुकर लावून येते."

ज्यासाठी हे परीक्षण लिहायला बसलो ती गोष्ट वेगळीच आहे. दोन चिमटे असले की एक पंखाच्या स्थिर भागाला आणि एक एलरॉनला लावून दोघांतला फरक वाचता येतो. मग विमान टेबलावर थोडं कलतं असलं तरी चालतं. असा फरक शून्य करून मी, हॉर्न (सर्व्होची तार अडकवायचा एलरॉनवरचा तुकडा) तपासायचं म्हणून, पंख उलटा केला. फरक शून्यच राहायला हवा होता, कारण स्टिकला कुणी हात लावला नव्हता. उजव्या बाजूला ०.३ दाखवले, ते सोडून दिलं. डाव्या बाजूला १.४ अंश. परत सुलटा केला, शून्य. परत उलटा, १.४.

आधी शिवी यंत्राला घातली. मग आठवलं की साइन बारवर ते बरोबर होतं. चिमटा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, २२ ग्रॅम. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पंख सुलटा असताना हे २२ ग्रॅम एलरॉनला खाली ओढतात, उलटा असताना दुसऱ्या दिशेला. मधे जेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तेवढा एलरॉन लोंबतो. म्हणजे चिमट्याचं वजन नकळत माझ्या जोडणीतला प्ले मोजत होतं. हॉर्न पाहिलं. नायलॉनच्या हॉर्नचं भोक २ मिलिमीटरचं झालेलं, त्यात १.६ ची तार. फरक ०.४, आणि भोक हिंजपासून १५ मिलिमीटरवर. ०.४ भागिले १५ म्हणजे दीड अंशाच्या आसपास. आकडा जागच्या जागी बसला.

दोन वर्षं मी या विमानाला "जरा डावीकडे भटकतं" म्हणत होतो. ट्रिम देत होतो, ती टिकत नव्हती. वाऱ्याला दोष, पंखाच्या पिळाला दोष. वेगात खाली घेतलं की पंखातून कधीकधी भुर्रर्र असा आवाज यायचा तो मला कव्हरिंगचा, म्हणजे पंखावर ताणलेल्या पापुद्र्याचा, वाटायचा. तो एलरॉन फडफडत होता. आणखी थोडा वेग दिला असता तर हिंजसकट सुटून आला असता.

नवीन हॉर्न लावलं, भोक १.६ च्या ड्रिलनं केलं आणि हिंजपासून २० मिलिमीटरवर घेतलं. भोक लांब नेलं की तेवढ्याच थ्रोसाठी सर्व्होला जास्त फिरावं लागतं. आधी ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल, म्हणजे सर्व्होनं किती फिरायचं ते, ६२ टक्क्यांवर आणून ठेवलेला होता, तो आता ८३ झाला. हे महत्त्वाचं आहे आणि नवीन मुलं नेमकं इथंच चुकतात. थ्रो जास्त होतोय ना, मग रेडिओत टक्के कमी करू. करता येतं, पण सर्व्होच्या गिअरमधला प्ले काही टक्क्यांबरोबर कमी होत नाही. सर्व्होची अर्धी चाल वापरायची म्हणजे व्हर्नियर असून फूटपट्टीनं मोजायचं. आधी जोडणीत थ्रो आणा, मग उरलासुरला रेडिओत.

तीच गोष्ट सर्व्होच्या आर्मची, म्हणजे त्याच्या दात्यांवर बसणाऱ्या हाताची. मधल्या स्थितीत आर्म पुशरॉडशी, म्हणजे जोडणाऱ्या तारेशी, काटकोनात हवा, नाहीतर वर आणि खाली वेगवेगळा थ्रो येतो. २५ दात्यांच्या सर्व्होवर एक दाता सरकवला की आर्म १४.४ अंश फिरतो, म्हणजे एकदम जास्त. पण चार हातांचा फुलीसारखा आर्म असेल तर एक गंमत करता येते. २५ ला ४ नं भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक हात दात्याच्या पाव भागानं वेगळा बसतो, ३.६ अंशांच्या फरकानं. चारही हात लावून बघायचे, सर्वांत काटकोनात येईल तो ठेवायचा, बाकीचे तीन कापायचे. सबट्रिमला, म्हणजे मधली स्थिती रेडिओतून सरकवण्याला, मग काम जवळजवळ उरतच नाही. हे मला एका जुन्या जाणकारानं मैदानावर, पालथ्या खोक्यावर बसून दाखवलं होतं. मीटरमुळे ते साडेतीन अंश आता डोळ्यांना दिसले, एवढंच.

सगळं परत मोजलं. पंख उलटा केल्यावर डावीकडे ०.२.

एलिव्हेटरवर फार वेळ गेला नाही. दोन अर्ध्यांमध्ये पाऊण अंशाचा फरक निघाला, जोडणारी तार किंचित पिळलेली होती, पक्कड लावून सरळ केली.

रडरनं मात्र रात्रीचे अकरा वाजवले. विमान टेबलावर उभं, चिमटा रडरला, स्टिक पूर्ण डावीकडे. रडर चांगला हातभर फिरल्यासारखा दिसतोय आणि फोन म्हणतोय ०.४. बॅटरी बघितली, वायफाय बघितलं, दुसरा चिमटा लावला. तोही ०.३. मग लक्षात आलं. हा सेन्सर गुरुत्वाकर्षणावर चालतो. गवंड्याची पाणसळ टेबलावर ठेवून गोल फिरवा, बुडबुडा जागचा हलतो का? रडरचा हिंज उभा, तो उभ्या अक्षाभोवती फिरतो, त्यामुळे सेन्सरच्या दृष्टीनं काहीच घडत नाही. उपाय म्हणजे विमान कुशीवर झोपवायचं. पंख काढला, अंगाखाली उशी घातली, आणि रडर २४ अंश व्यवस्थित वाचला गेला. हे यंत्र विकणाऱ्यांच्या जाहिरातीतल्या फोटोत चिमटा चक्क उभ्या विमानाच्या रडरला लावलेला आहे. फोटो काढणाऱ्यानं तो चालू केला नसणार.

आमच्याबरोबर उडवायला एक इंजिनिअरिंगचा मुलगा येतो. दिवाळीनंतर थंडी पडली की रविवारी सकाळी सातला शहराबाहेरच्या माळावर आम्ही चार-पाचजण असतो. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे उडवायला मोकळा भाग, बघून ठरवलेली जागा आहे, हे सांगितलेलं बरं. या मुलाचं फोमचं, मागे वळलेल्या पंखांचं विमान भलतंच बिचकायचं. स्टिकला हात लावला की झटका. "काका, एक्स्पो ३० टक्के टाकलाय तरी असं करतं." एक्स्पो म्हणजे स्टिकच्या मधल्या भागात हालचाल मऊ करणं. गाडीच्या बॉनेटवर विमान ठेवून चिमटे लावले. पूर्ण स्टिकला १५ अंश. अर्ध्या स्टिकला एक्स्पो नसता तर साडेसात यायला हवे होते, ३० टक्के एक्स्पोनं सहाच्या जरा आत. आले सव्वानऊ. म्हणजे मऊ करायच्या ऐवजी त्यानं कडक केलं होतं. फुटाबा कंपनीच्या रेडिओत मऊ करायला उणे आकडा टाकतात, स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओत अधिक. याचा रेडिओ एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा, तिथंही अधिकच लागतो, आणि यानं व्हिडिओ फुटाबाचा बघितला होता. उणे काढलं, ५.९ आले. दुसऱ्या फ्लाइटला विमान गाईसारखं. विमान हवेत असताना नुसत्या स्टिकवरून एक्स्पोचं चिन्ह कळत नाही, इथं ते तीन मिनिटांत कळलं.

त्याच विमानावर आणखी एक गोष्ट दिसली. पंख मागे वळलेला असला की चिमटा हिंजशी काटकोनात न बसता विमानाच्या नाकाच्या रेषेत लावायचा मोह होतो. तसा २० अंश तिरका लावला तर १५ चे १४ दिसतात. चिमटा नेहमी हिंजशी काटकोनात.

तक्रारी अजून आहेत. चिमट्याची स्प्रिंग बाल्साच्या पातळ कडेला जरा जास्त दाबते, माझ्या कव्हरिंगवर दोन बारीक खळगे पडलेत. तोंड १० मिलिमीटरच्या वर उघडत नाही, त्यामुळे जाड एलरॉनला मागच्या कडेलाच धरावा लागतो. चार्जिंगचा दिवा बॅटरी भरली तरी विझत नाही, किती वेळ लावून ठेवायचा हे नशिबावर. आणि लहान विमानाला, नऊ ग्रॅमच्या सर्व्होवर चालणाऱ्या चिमुकल्या एलरॉनला, २२ ग्रॅमचा चिमटा लावणं म्हणजे चिमणीच्या पायात घुंगरू. तिथं पट्टीच बरी.

घ्यावा का? ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ विमानावर, शिकत असाल, एकच फोमचं विमान असेल, तर नको. त्या पैशात दोन चांगले सर्व्हो येतात. प्रत्येक एलरॉनला वेगळा सर्व्हो, फ्लॅप, दोन तुकड्यांचा एलिव्हेटर असं काही असेल, किंवा चारजण मिळून एक घेणार असाल, तर जरूर. मी पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण त्या रडरच्या फोटोसाठी कापला, एक त्या कागदासाठी.

सध्या मीटर त्या मुलाकडे आहे. दोन रविवार झाले. काल फोन आला, "काका, एका चिमट्याचा आतला रबर पडला हो कुठंतरी." म्हटलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा काप, फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेटनं चिकटव, आणि लावण्याआधी दोन्ही चिमटे एकदा सपाट फरशीवर ठेवून शून्य करून बघ.